घोट्याच्या दुखापतीनंतर दबलेली चेता : जागा, दाब आणि वेळ

प्रस्तावना

पाय मुरगळतो, सूज येते, एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसते आणि तीन-चार आठवड्यांत चालणे पूर्ववत होते. बहुतेकांच्या बाबतीत प्रकरण इथे संपते. काहींच्या बाबतीत मात्र सूज उतरल्यावरही तळव्याची आग होत राहते, रात्री अंथरुणात पायाला मुंग्या येतात, जास्त वेळ उभे राहिले की आतल्या घोट्याकडून अंगठ्याकडे चमक जाते. घरचे म्हणतात, मार लागला आहे, दुखणारच. एक्स-रे निर्दोष असल्यामुळे विद्यार्थी स्वतःही तक्रार करायला संकोचतो. पण एक्स-रेमध्ये हाड दिसते, चेता दिसत नाही.

या टिपणात आपण दुखापतीनंतर घोटा आणि पाऊल यांतील चेतांवर दाब का येतो, त्याने नेमके काय बिघडते आणि ते कसे ओळखतात हे पाहू. बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. जीवशास्त्र न शिकलेल्या विद्यार्थ्यालाही हे समजावे अशी मांडणी ठेवली आहे. मी अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. त्यामुळे इथे यंत्रणा समजावून सांगितली आहे. उपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच.

संपूर्ण टिपणाचे सूत्र दोन वाक्यांत सांगता येईल. चेतेचे नुकसान दाब किती आहे यावर जितके ठरते, तितकेच तो किती वेळ टिकला यावर ठरते. आणि दुखणे थांबले म्हणजे दाब गेला, असे मानता येत नाही.

१. ‘शीर दबली’ म्हणजे काय दबले?

बोलीत ‘शीर’ हा शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. सलाईन लावताना ‘शीर सापडत नाही’ म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते. पोटरीत गोळा आल्यावर ‘शिरेवर शीर चढली’ म्हणतो तेव्हा तो स्नायूचा पेटका असतो. ‘कमरेत शीर दबली’ म्हणतो तेव्हा ती चेता असते. अभियंत्याच्या भाषेत रक्तवाहिनी ही नळी, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा हा दोर आणि चेता ही केबल.

केबलची उपमा बरीच दूरपर्यंत चालते. चेतेच्या आत हजारो बारीक तंतू असतात. त्यांतल्या अनेकांवर मायलिन नावाचे विद्युतरोधक आवरण असते. तंतूंचे जुडगे, जुडग्यांवर आवरण आणि सगळ्यांवर मिळून बाहेरचे आवरण, अशी रचना असते.

पुढे उपमा तुटते आणि तिथूनच आजचा विषय सुरू होतो. तांब्याच्या तारेला जेवू घालावे लागत नाही. चेता जिवंत असते, तिला सतत प्राणवायू लागतो आणि तो पुरवणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तिच्या आतच असतात. शिवाय पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या तंतूची मूळ पेशी कण्याजवळ, सुमारे मीटरभर अंतरावर असते. तंतूला लागणारी प्रथिने तिथे तयार होतात आणि तंतूच्या आतून वाहून आणली जातात. म्हणजे चेता दाबली की संदेश, रक्त आणि ही आतली वाहतूक, तिन्ही अडचणीत येतात.

२. कोणती चेता, कोणता भाग

पावलाला संवेदना देणाऱ्या पाच चेता लक्षात ठेवाव्यात. तक्रार कुठे आहे यावरून कोणती चेता अडचणीत आहे याचा पहिला अंदाज येतो.

• टिबियल चेता : आतल्या घोट्याच्या मागून तळव्यात जाते. टाच, तळवा आणि बोटांची खालची बाजू.
• सुपरफिशियल पेरोनियल चेता : पावलाच्या वरच्या बाजूचा बहुतेक भाग.
• डीप पेरोनियल चेता : अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यातील छोटा भाग.
• सुरल चेता : बाहेरच्या घोट्यामागून पावलाची बाहेरची कड.
• सॅफेनस चेता : आतला घोटा आणि पावलाची आतली कड.

याखेरीज गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून कॉमन पेरोनियल चेता जाते. तिथे ती जवळजवळ कातडीखालीच असते. प्लास्टरची वरची कड तिथे रुतली तर पाऊल वर उचलता येत नाही आणि चालताना चवडा जमिनीवर आपटतो. दुखापत घोट्याची आणि चेता दबली गुडघ्याजवळ, असे घडते ते यामुळे.

३. घोट्यातला बोगदा

आतल्या घोट्याच्या उंचवट्यामागे बोट ठेवून टाचेकडे सरकवा. बोटाखाली एक अरुंद मार्ग आहे. त्याचे नाव टार्सल टनेल. त्याची एक भिंत आणि तळ हाडांचे, तर छप्पर म्हणजे घोट्यापासून टाचेपर्यंत ताणलेली चिवट तंतुमय पट्टी. या बोगद्यातून तीन कंडरा, एक रोहिणी, तिच्या सोबतच्या नीला आणि टिबियल चेता जातात. बोगद्यातच किंवा त्याच्या जवळपास चेतेला फाटे फुटतात. तळव्याच्या आतल्या भागाला एक, बाहेरच्या भागाला एक आणि टाचेला एक.

या बोगद्याची भिंत ताणत नाही. हाड हलत नाही आणि पट्टी फारशी लवचिक नाही. बंद जागेत आतल्या वस्तूंचे आकारमान वाढले की दाब वाढणारच. कंडरा घट्ट, रोहिणीत स्वतःचा दाब भरपूर. उरतात मऊ नीला आणि चेता. सगळ्यात आधी त्याच चेपतात.

मनगटात कार्पल टनेलमध्ये हेच घडते आणि ते अधिक परिचित आहे. घोट्यातल्या प्रकाराला टार्सल टनेल सिंड्रोम म्हणतात. १९६२ मध्ये केक आणि लॅम या दोघांनी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले.

४. दुखापत दाब कसा निर्माण करते?

कारणे चार गटांत मांडता येतात.

पहिला गट : आतला ऐवज वाढतो. रक्तस्राव, सूज, कंडरेच्या आवरणाचा दाह, दुखापतीनंतर फुगलेल्या नीला.

दुसरा गट : जागा कमी होते. टाचेचे किंवा घोट्याचे हाड मोडून तुकडा सरकतो, हाड वाकडे जुळते किंवा बरे होताना जाड व्रणऊती तयार होते. शेवटचे कारण महिन्यांनंतर त्रास का सुरू होतो हे सांगते. सूज उतरत असते आणि व्रणऊती घट्ट होत असते.

तिसरा गट : चेता ताणली जाते. पाऊल आत वळून मुरगळते तेव्हा वरच्या आणि बाहेरच्या बाजूची सुपरफिशियल पेरोनियल चेता ताणली जाते. अस्थिबंध सैल पडून पावलाची कमान खचली, तर टिबियल चेता प्रत्येक पावलाला ताणली जाते.

चौथा गट : दाब बाहेरून येतो. घट्ट प्लास्टर, घट्ट पट्टी, घट्ट बूट.

शेवटच्या दोन गटांसाठी कोलकात्याचे उदाहरण जवळचे आहे. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांच्या अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही भारतीय संघातले बहुसंख्य खेळाडू अनवाणी उतरले. त्या संघाचे कर्णधार तालिमेरेन आओ हे कोलकात्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी होते. आज इथल्या मैदानावर पावसाळी चिखलात बूट घालून खेळतात. चेतेच्या दृष्टीने दोन्ही पायांचे धोके वेगळे. अनवाणी पावलाच्या वरच्या बाजूला चेता आणि हाड यांच्यावर फक्त कातडी असते, त्यामुळे समोरच्याची लाथ थेट डीप पेरोनियल चेतेवर बसते. बूट घातला की तो मार कमी होतो, पण सुजलेल्या पावलावर नाडी करकचून बांधली की त्याच चेतेवर तासभर दाब राहतो. अंगठ्याच्या बेचक्यात बधिरपणा जाणवला तर आधी नाडी सैल करून पाहावी. मुरगळण्याचा धोका दोघांनाही आहेच.

५. दाबाचे गणित

शरीरातील दाब मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. पाऱ्याची घनता पाण्याच्या १३.६ पट असल्याने १ मिमी पारा म्हणजे १.३६ सेंमी पाण्याचा स्तंभ. रिडेविक आणि लुंडबोर्ग यांच्या गटांनी सशांच्या चेतांवर केलेल्या प्रयोगांतून पुढील टप्पे दिसले.

• सुमारे २० मिमी (२७ सेंमी पाणी) : चेतेतील सूक्ष्म नीलांमधला रक्तप्रवाह मंदावतो.
• सुमारे ३० मिमी (४१ सेंमी पाणी) : काही तास टिकल्यास तंतूच्या आतली वाहतूक अडखळते.
• ६० ते ८० मिमी (८२ ते १०९ सेंमी पाणी) : चेतेतील रक्तप्रवाह पूर्ण थांबतो.

हे आकडे माणसाच्या घोट्याला जसेच्या तसे लावायचे नाहीत, पण क्रम महत्त्वाचा आहे. २० मिमी हा दाब किरकोळ वाटतो. रक्तदाब मोजताना दंडावरचा पट्टा १५० मिमीच्या पुढे फुगवतात आणि तरी हाताला काही होत नाही. कारण तो दाब मिनिटभराचा असतो. याउलट ३० मिमी दाब महिनोन्‌महिने राहिला तर चेता निकामी होऊ शकते.

दाब कमी असतानाही नुकसान वाढते त्याचे कारण धन प्रतिपोषण. नीलांचा प्रवाह अडतो, रक्त आत साचते, सूक्ष्म वाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, चेता आपल्याच आवरणात सुजते आणि दाब आणखी वाढतो. चेतेच्या जुडग्यांच्या आत लसीकावाहिन्या नसतात, त्यामुळे साचलेला द्रव लवकर निघून जात नाही.

आता उभे राहिल्यावर त्रास का वाढतो ते पाहा. हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा स्तंभ सुमारे १.२ मीटर धरू. रक्ताची घनता १०६० किग्रॅ प्रति घनमीटर. घनता, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार : १०६० × ९.८ × १.२ = सुमारे १२,५०० पास्कल, म्हणजे सुमारे ९४ मिमी पारा. स्तब्ध उभे राहिल्यावर घोट्याच्या नीलांत एवढी भर पडते. त्या बोगद्यात फुगतात आणि चेतेची जागा खातात. चालू लागले की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि हा दाब उतरतो. आडवे होऊन पाय उशीवर ठेवला की स्तंभच उरत नाही. डॉक्टर सुजलेला पाय उंच ठेवायला सांगतात, त्यामागे हेच समीकरण आहे.

६. नुकसानीच्या पायऱ्या

१९४३ मध्ये हर्बर्ट सेडन यांनी चेतेच्या इजेचे तीन प्रकार मांडले.

पहिला, न्यूरप्रॅक्सिया : तंतू अखंड असतो, दाबाच्या जागी संदेश अडतो. दाब काढला की दिवसांत किंवा काही आठवड्यांत सुधारणा होते.

दुसरा, अ‍ॅक्सोनोट्मेसिस : तंतू तुटतो, पण त्याभोवतीची नळी शाबूत असते. तुटलेल्या जागेपुढचा भाग नष्ट होतो. ही प्रक्रिया ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या चेता कापून दाखवली. त्यानंतर तंतू त्याच नळीतून दिवसाला सुमारे १ मिमी या गतीने पुन्हा वाढतो.

तिसरा, न्यूरोट्मेसिस : पूर्ण चेताच तुटते. शस्त्रक्रियेशिवाय ती नीट जुळण्याची आशा नसते.

दुसऱ्या प्रकाराचा हिशेब करून पाहू. घोट्यापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत २० सेंमी म्हणजे २०० मिमी. दिवसाला १ मिमी धरले तर २०० दिवस, म्हणजे साडेसहा महिन्यांहून अधिक. पहिल्या प्रकारात दाब निघाला तर काही आठवड्यांचे काम, दुसऱ्यात गेल्यावर वर्षाचा मोठा भाग. वेळेवर तक्रार करण्याची किंमत इतकी स्पष्ट आहे.

७. दुखणे थांबले, मग बरे झाले का?

दबलेली चेता आधी चुकीचे संदेश पाठवते : आग, चमक, मुंग्या. दाब तसाच राहिला तर पुढे ती संदेश पाठवणेच थांबवते. माणूस म्हणतो, ‘आता पूर्वीसारखे दुखत नाही.’ खरी सुधारणा असेल तर आगीबरोबर बधिरपणाही जातो. आग जाऊन बधिरपणा वाढत असेल तर चेता हरत चालली आहे.

बधिर पावलाचे काय होते हे कुष्ठरोगाने सर्वांत कठोरपणे शिकवले. त्या रोगात जंतूंमुळे चेता आतून सुजते आणि टिबियल चेता आतल्या घोट्याजवळ, म्हणजे याच अरुंद जागी, वारंवार सापडते. कारण वेगळे, जागा तीच. कुष्ठरोगाच्या अभ्यासात कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनला मोठे स्थान आहे. आनंदवन उभारणारे बाबा आमटे या रोगाचे शास्त्रीय शिक्षण घ्यायला याच संस्थेत आले होते. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की रुग्णांच्या तळव्यावरच्या जखमा मांस आपोआप सडल्याने होत नाहीत. संवेदना गेलेली असते, म्हणून खडा टोचला, चप्पल घासली, फोड आला तरी माणूस त्याच जागेवर भार देत चालत राहतो. म्हणून भारतातल्या कुष्ठरोग केंद्रांनी मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला वापरात आणल्या.

दुखापतीने बधिर झालेल्या पावलाला हाच नियम लागू आहे. संवेदना परत येईपर्यंत अनवाणी चालू नये, रोज रात्री तळवा डोळ्यांनी तपासावा आणि शेकायच्या पाण्याची उष्णता हाताने पाहावी, पायाने नाही. मधुमेह असेल तर ही काळजी अधिकच.

८. निदान कसे करतात?

सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे प्रश्न. मराठी रुग्ण ‘मुंग्या येतात’ म्हणतो, बंगाली रुग्ण ‘झिंझि’ धरल्याचे सांगतो, हिंदी भाषक ‘झुनझुनी’ म्हणतो. आपल्या भाषेतला शब्द, नेमकी जागा आणि त्रास वाढण्याची वेळ सांगता आली तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

पुढे टिनेलची खूण पाहतात. दबलेल्या जागी चेतेवर बोटाने हलके ठोकले की तिच्या क्षेत्रात मुंग्यांची लहर जाते. फ्रान्सचे ज्यूल्स टिनेल आणि जर्मनीचे पाउल हॉफमान यांनी १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात समोरासमोरच्या बाजूंना असताना, ही खूण स्वतंत्रपणे नोंदवली. दुसऱ्या चाचणीत पाऊल वर उचलून बाहेर वळवतात, बोटे वर ताणतात आणि काही सेकंद धरून ठेवतात. बोगद्यातला दाब वाढून नेहमीचा त्रास उमटतो का ते पाहतात.

चेतावहन चाचणी अभियंत्याला घरची वाटेल. केबलमधला दोष शोधण्यासारखेच हे आहे. समजा, टिबियल चेतेला गुडघ्यामागे विद्युत धक्का दिला तर पावलातील स्नायू १५ मिलिसेकंदांनी प्रतिसाद देतो आणि घोट्याशी दिला तर ७ मिलिसेकंदांनी. दोन जागांमधले अंतर ३६ सेंमी. फरक ८ मिलिसेकंद. वेग = ०.३६ ÷ ०.००८ = ४५ मीटर प्रति सेकंद. पायासाठी ४० च्या वरचा वेग साधारणपणे ठीक मानतात. म्हणजे गुडघा ते घोटा हा टप्पा चांगला आहे. पण घोट्यापासून पुढच्या जेमतेम ९-१० सेंमीला ७ मिलिसेकंद लागणे हे जास्त आहे. दोष घोट्याच्या खाली.

ही चाचणी दुखापतीनंतर लगेच केली तर फसवू शकते. तुटलेल्या तंतूचा पुढचा भाग काही दिवस संदेश वाहत राहतो आणि स्नायूंतील बदल दिसायला सुमारे तीन आठवडे लागतात. व्रणऊती, गाठ किंवा फुगलेल्या नीला शोधायला एमआरआय अथवा सोनोग्राफी करतात, हाडाच्या तुकड्यासाठी सीटी स्कॅन.

९. उपचार आणि आणीबाणी

उपचारांचे तत्त्व एकच : जागा मोकळी करणे. सूज उतरवणे, बूट व पट्टी सैल करणे, खचलेल्या कमानीला बुटात आधार देणे, व्यायाम, औषधे, काही वेळा इंजेक्शन. याने भागले नाही तर शस्त्रक्रियेने बोगद्याचे छप्पर उघडतात. गाठ किंवा हाडाचा तुकडा यांसारखे नेमके कारण सापडले तर शस्त्रक्रियेला यश येण्याची शक्यता जास्त असते.

एका परिस्थितीत मात्र तासही मोजून वापरावे लागतात. मोठ्या दुखापतीनंतर पोटरी किंवा पावलातील बंद कप्प्यात दाब इतका वाढतो की स्नायू आणि चेता दोन्हींचा रक्तपुरवठा थांबतो. सहा तासांच्या आसपास कायमचे नुकसान होऊ लागते. खुणा अशा : दुखापतीच्या मानाने फार जास्त आणि वाढत जाणारी वेदना, दुसऱ्याने बोटे ताणली की असह्य कळ, मुंग्या, फुगून टणक झालेला भाग. पावलाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये; ती शेवटपर्यंत लागू शकते. प्लास्टर असेल तर ते आतल्या कापसासह ताबडतोब मोकळे करून घ्यावे लागते. ‘सकाळी दाखवू’ हे वाक्य इथे पाय घालवू शकते.

गावोगावी हाडवैद्याकडे किंवा घरीच मुरगळलेला पाय चोळून, आंबेहळदीचा लेप लावून वर घट्ट पट्टी बांधतात. लेपाने चेतेला काही होत नाही. पट्टीने होते. पहिल्या दोन दिवसांत सूज वाढत असते आणि सकाळी बरोबर बसलेली पट्टी संध्याकाळी आवळलेली असते. बोटे निळसर, गार किंवा बधिर झाली तर पट्टी कोणाला न विचारता सोडावी.

सारांश

चेता ही जिवंत केबल आहे. ती न ताणणाऱ्या बोगद्यातून जाते. दुखापतीने ऐवज वाढतो, जागा घटते, चेता ताणली जाते किंवा बाहेरून आवळली जाते. थोडा दाबही दीर्घकाळ राहिला तर घातक ठरतो. वेदना कमी होताना बधिरपणा वाढत असेल तर ती सुधारणा समजू नये.

स्वाध्याय

१. सुजलेला पाय हृदयाच्या पातळीपेक्षा ३० सेंमी उंच ठेवला तर घोट्याच्या नीलांतील दाबात, १.२ मीटर खाली असण्याच्या तुलनेत, किती मिमी पाऱ्याचा फरक पडेल? वास्तवात तो इतका का पडत नाही?
२. घोट्याच्या फ्रॅक्चरसाठी प्लास्टर घातलेल्या रुग्णाला बोटे वर उचलता येत नाहीत, पण तळव्याची संवेदना चांगली आहे. दाब कुठे असावा?
३. तंतू घोट्यापाशी तुटला आणि टाचेतील संवेदना ६० दिवसांत परतली. बोटांच्या टोकापर्यंत त्याच गतीने जायला आणखी किती दिवस लागतील, याचा अंदाज स्वतःच्या पावलाची मापे घेऊन करा.
४. ‘पूर्वी तळवा जळायचा, आता काहीच वाटत नाही’ असे सांगणाऱ्या मित्राला तुम्ही काय सांगाल, आणि का?